न झिजलेले जस्त

गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये प्रवासी लाँच चालवणाऱ्या एका मालकांचा निरोप एप्रिलमध्ये आला, तेव्हा तक्रार एवढीच होती की इंजिनाचा वेग निम्म्याच्या वर नेला की तापमानाचा काटा चढू लागतो आणि वेग कमी केला की निमूटपणे खाली येतो. भंडारा जिल्ह्यात मी पाणीपुरवठ्याचे पंप, जनरेटर आणि बोटींच्या डिझेल इंजिनांची कामे करतो. आमच्याकडे इनबोर्ड इंजिनाची बोट विरळाच; ढिवर समाजाचे डोंगे वल्ह्यावर चालतात आणि पर्यटकांच्या बऱ्याचशा बोटींना मागे टांगलेले आउटबोर्ड इंजिन असते. ही लाँच मात्र पोलादी, आत डिझेल इंजिन बसवलेली आणि कोकण किनाऱ्यावरून जुनी विकत घेऊन ट्रेलरवरून वैनगंगेवर आणलेली होती.

या जलाशयात इंजिन तापले की पहिला संशय जलपर्णीवर जातो, कारण तिची मुळे पाण्याच्या गाळणीत अडकतात. गाळणी उघडली, ती स्वच्छ निघाली. पंपाचा पाणी ढकलणारा रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, शाबूत होता, थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकल्यावर नीट उघडला, कूलंटची पातळी उतरलेली नव्हती आणि एक्झॉस्टमधून पाण्याची धार जोमाने पडत होती. पाणी भरपूर फिरत असूनही इंजिन तापत होते. मग इंजिनावर भार देऊन हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे इंजिनाची उष्णता धरणाच्या पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या, दोन्ही होजपाइपांवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. आत जाणारे धरणाचे पाणी आणि बाहेर पडणारे पाणी यांच्या तापमानात जवळपास फरकच नव्हता, म्हणजे पाणी आत शिरून इंजिनाची उष्णता न घेताच परत येत होते.

या एक्स्चेंजरमध्ये तांबे-निकेल मिश्रधातूच्या बारीक नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या आतून धरणाचे पाणी वाहते आणि बाहेरून इंजिनाचा कूलंट. दोन्ही टोकांना झाकणे असतात आणि त्यांतल्या एका झाकणाच्या मधोमध आडवी बरगडी असते, जी पितळी नळीपत्र्यावर, म्हणजे नळ्यांची टोके ज्यात बसवलेली असतात त्या पत्र्यावर, गॅस्केट लावून घट्ट बसते. पाण्याने नळ्यांच्या एका अर्ध्यातून पलीकडे जावे आणि दुसऱ्या अर्ध्यातून परत यावे, हे ती बरगडीच ठरवते. ती गळाली की पाणी जवळची वाट धरते, म्हणजे आत आल्या आल्या बाहेर पडते, आणि नळ्या कोरड्या नसल्या तरी निकामी होतात.

झाकण उतरवले तेव्हा नेमके हेच दिसले. ते बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते. बरगडीचा मधला भाग पुरता खाल्लेला होता आणि उरलेली कडा काळी, गुळगुळीत, वरवर पाहता धडधाकट वाटणारी होती. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लावताच तिचा थर मऊसर काळ्या भुकटीसारखा निघून आला. बिडातले लोखंड विरघळून जाते आणि मागे ग्राफाइटचा सांगाडा उरतो, त्यामुळे आकार तसाच राहतो पण त्यात ताकद नसते. शिवाय उरलेले ग्राफाइट स्वतःच शेजारच्या लोखंडाला खायला लावते, म्हणून एकदा सुरू झालेली ही झीज वेग घेते.

त्याच झाकणात, लोखंडाऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला, पेन्सिलसारखा झिंक अ‍ॅनोड बसवलेला होता. पितळी प्लग फिरवून तो बाहेर काढला, तर कांडी जवळपास पूर्ण लांबीची होती आणि तिच्यावर करडा-पांढरा, नखाने न निघणारा थर चढलेला होता. लाँच चालवणारे काका शेजारी उकिडवे बसून पाहत होते. ते म्हणाले, "झिंक तं नवंच हाये जी भाऊ, त्याले कायले हात लावता?" मालकांचेही म्हणणे तेच होते. दर सर्व्हिसिंगला अ‍ॅनोड तपासला जात होता आणि तो झिजलेला नाही हे पाहून परत बसवला जात होता. बोट विकणाऱ्याने निम्मा झिजला की बदला असे सांगितले होते आणि ते सांगणे खरेच होते. फक्त तो कधी झिजलाच नाही तर काय समजायचे, हे कोणी सांगितले नव्हते.

अ‍ॅनोडचे कामच झिजण्याचे आहे. तांबे, पितळ आणि लोखंड एकमेकांना जोडून पाण्यात बुडवले की त्यांतला अधिक सक्रिय धातू, इथे लोखंड, विरघळू लागतो. त्या जोडीला लोखंडाहूनही सक्रिय असा तिसरा धातू लावला की लोखंडाच्या वाट्याची झीज तो स्वतःवर घेतो. इंग्लंडच्या आरमारी जहाजांवरील तांब्याच्या पत्र्यासाठी हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ही युक्ती मांडली आणि तेव्हापासून बोटींवर ती मुख्यतः समुद्रातच वाढली, म्हणून बोटीवाल्यांच्या तोंडी अ‍ॅनोड म्हणजे झिंक असे समीकरण बसले आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात जस्तावर साचणारा थर सैल राहतो, धातू उघडा राहतो आणि प्रवाह चालू राहतो. गोड्या पाण्यात मात्र त्याच जस्तावर कार्बोनेटचा घट्ट थर बसतो. आपल्या घरावरचा जस्ती पत्रा वर्षानुवर्षे टिकतो तो असल्याच थरामुळे. छपरावर जो गुण, तोच अ‍ॅनोडवर दोष ठरतो, कारण थराआड गेलेले जस्त स्वतः सुरक्षित राहते आणि लोखंडाला उघड्यावर सोडते.

मी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, जलाशयाच्या पाण्यात बुडवून मालकांना आकडा दाखवला. तो दर लिटरला तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास होता. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येत असल्याने हे पाणी निर्मळ नाही, पण समुद्राच्या पाण्यात दर लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यापुढे हे गोडेच. इतक्या कमी क्षारांच्या पाण्यातून प्रवाह फार दूर जात नाही. बरगडीच का खाल्ली गेली आणि झाकणाचा बाहेरचा भाग का वाचला, याचे उत्तरही त्यातच आहे. गोड्या पाण्यात दोन धातूंची झीज सांध्यालगत एकवटते आणि बरगडी तर पितळी नळीपत्र्याला चिकटूनच बसलेली होती.

आता कोणता अ‍ॅनोड बसवायचा, हा खरा प्रश्न होता. धातूची सक्रियता व्होल्टमध्ये मोजतात आणि आकडा जितका जास्त उणे तितका धातू सक्रिय. चांदी-क्लोराइडच्या संदर्भ विद्युदग्राशी, म्हणजे तुलनेसाठी पाण्यात बुडवलेल्या ठरावीक टोकाशी, मोजले तर समुद्राच्या पाण्यात जस्त सुमारे उणे १.०३ व्होल्टला, अॅल्युमिनियम-इंडियम मिश्रधातू उणे १.१ च्या आसपास आणि मॅग्नेशियम उणे १.५ च्या आसपास असते. मालकांचा कल अॅल्युमिनियमकडे होता, कारण ते वजनाच्या मानाने जास्त काळ पुरते आणि त्यातले इंडियम थर घट्ट बसू देत नाही. बोट खाडीच्या मचूळ पाण्यात चालणार असती तर मीही तेच बसवले असते. पण विजेला इतका रोध करणाऱ्या पाण्यातून प्रवाह ढकलायला ताकदीचा फरक हवा असतो आणि तो मॅग्नेशियमकडे आहे. ते लवकर संपते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. संपणाऱ्या कांडीचा खर्च एका झाकणाच्या खर्चापुढे किरकोळ आहे, हेही सांगितले.

जुनी बरगडी पितळ वितळवून भरून देतो, असे एका वर्कशॉपने सुचवले होते. मी ते मान्य केले नाही, कारण पितळ भरले असते तर बिडाच्या अंगातच नवी जोडी तयार झाली असती आणि झीज भरावाच्या कडेने पुन्हा सुरू झाली असती. जाड पोलादी प्लेट कापून, तिला बरगडी वेल्ड करून आणि नळीपत्र्यावर बसणारी बाजू लेथवर सपाट करून नवे झाकण बनवून घेतले.

बसवण्याच्या कामात घाई चालत नाही. मॅग्नेशियमची कांडी समोरच्या भिंतीला किंवा नळ्यांच्या तोंडाला टेकू नये म्हणून ती हॅक्सॉने थोडी आखूड केली आणि कीस ताबडतोब गोळा करून वेल्डिंगच्या जागेपासून दूर नेला, कारण तो सहज पेट घेतो. प्लगचे आटे तारेच्या ब्रशने चकचकीत केले. गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, पण अ‍ॅनोडचा सारा संपर्क त्याच आट्यांतून होतो, म्हणून इथे ती टेप मी वापरत नाही. प्लग आवळल्यावर मल्टीमीटरची एक पिन प्लगच्या डोक्यावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरली. मीटरने फक्त वायरींचा स्वतःचा विद्युतरोध दाखवला, तेव्हाच ते काम मी पुरे मानले.

मग बोटीच्या तळाकडे वळलो. धरणाची पातळी उतरत असल्याने लाँच काठावर ओढता आली. सुकाणूच्या पात्यावर, कांस्याच्या पंख्यासमोरच, नखाएवढे खळगे पडले होते. तळाचे जस्ती अ‍ॅनोड तर रंगाऱ्याने तळासोबतच लाल रंगाने रंगवून टाकले होते. रंगाखालचा अ‍ॅनोड म्हणजे नुसते वजन. ते काढून मॅग्नेशियमचे ठोकळे पोलादी पट्ट्यांनी वेल्ड केले आणि त्यांच्यावर कागद चिकटवून मगच आजूबाजूचा तळ रंगवू दिला. पोलादी जलवाहिन्यांच्या कामासाठी माझ्याकडे तांबे-मोरचूद अर्धघट, म्हणजे असाच तुलनेचा दुसरा संदर्भ विद्युदग्र, असतो. लाँच पाण्यात गेल्यावर तो शेजारी बुडवून मोजमाप घेतले. जुन्या अ‍ॅनोडसह सुकाणूपाशी उणे ०.५८ व्होल्ट मिळाले होते. नव्या ठोकळ्यांनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा उणे ०.९३ वर स्थिरावला. या अर्धघटावर पोलाद सुरक्षित मानण्याची मर्यादा उणे ०.८५ आहे.

पूर्ण वेगाने संगमापर्यंत फेरी मारली तेव्हा काटा जागचा हलला नाही. पावसाळ्याआधी कांडी पुन्हा काढून पाहिली. ती खडबडीत, खाचाखाचांची आणि टोकाला निमुळती झालेली होती आणि बरगडीवर लेथच्या रेघा अजून दिसत होत्या. काकांनी कांडी हातात फिरवून पाहिली आणि निम्मी व्हायला किती दिवस लागतील ते विचारले. दर महिन्याला काढून तिची जाडी वहीत लिहायची, म्हणजे याच पाण्याचा हिशोब तुमच्याच वहीतून निघेल, असे त्यांना सांगितले.

एक गोष्ट मी आग्रहाने करून घेतली. ही लाँच उद्या कोणी विकत घेऊन पुन्हा समुद्रावर नेली, तर तिथे मॅग्नेशियम फार झपाट्याने संपेल आणि तळावरचा रंगही सोलून काढील. म्हणून एक्स्चेंजरच्या बाजूला आणि सुकाणूच्या चाकाजवळ पत्र्याच्या पाट्या रिव्हेट केल्या आहेत: "मॅग्नेशियम अ‍ॅनोड. फक्त गोड्या पाण्यासाठी. खाऱ्या पाण्यात नेण्यापूर्वी बदला."