२३ लाखांचा सोमवार

दादरला गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत आमचं ऑफिस आहे, व्हिसा कन्सल्टन्सी. बोर्डावर पृथ्वीचा गोळा आणि विमान वगैरे काढलंय पण आत चार टेबलं, एक झेरॉक्स मशीन आणि एक एसी जो फक्त थंडीत नीट चालतो. अकरा वर्षं झाली मला इथे. एवढ्या वर्षांत असा सोमवार बघितला नाही, ७ जुलै २०२५ चा.

आदल्या दिवशी आषाढी होती. साबुदाणा, वरी, रताळं सगळं खाऊन झालेलं, त्यामुळे सकाळी लोकलमध्ये मी अर्धवट झोपेतच होते आणि ऑफिसचा मोबाईल पर्समध्ये सायलेंटवर. दादरला उतरून बघते तर ४१ मिस्ड कॉल. पहिल्यांदा वाटलं कोणीतरी गेलं.

रविवारी बातमी आली होती की दुबईचा गोल्डन व्हिसा, म्हणजे तिकडे बरीच वर्षं राहायचा परवाना, आता १ लाख दिरहममध्ये, म्हणजे साधारण २३ लाख ३० हजार रुपयांत, आणि तोही आयुष्यभरासाठी. प्रॉपर्टी घ्यायची गरज नाही, बिझनेस नको, नुसतं नॉमिनेशन. भारतीयांना आणि बांगलादेशींना पहिला चान्स. मोठमोठ्या पेपरांनी, चॅनलांनी छापलेलं, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर जे फिरत होतं त्याला कोणी खोटं म्हणायचा प्रश्नच नव्हता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर एकाने विचारलं, लोन मिळेल का याच्यावर, खाली दुसऱ्याने लिहिलं आधी मेंटेनन्स भर.

मला जे नियम माहीत होते ते असे की गोल्डन व्हिसा ५ किंवा १० वर्षांचा असतो, 'लाइफटाइम' असं काही नसतंच, आणि प्रॉपर्टीवरून घ्यायचा तर २० लाख दिरहमची लागते. म्हणजे त्या दिवशीच्या भावाने साडेचार कोटींच्या वर. बाकी मग सायंटिस्ट, डॉक्टर, हुशार विद्यार्थी, कलाकार अशा वेगळ्या कॅटेगरी. साडेचार कोटींची गोष्ट रातोरात तेवीस लाखांवर कशी आली? मी सरकारी साईट उघडली, काहीच नाही. सरांना म्हटलं, सर साईटवर दिसत नाहीये. सर म्हणाले, "अगं साईट अपडेट व्हायला वेळ लागतो, सरकारी काम आहे. टोकन घेऊन ठेव पन्नास-पन्नास हजार, रिफंडेबल सांग." आणि मी हो म्हटलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून कोणाला वाटायला नको की मी लय शहाणी.

साडेअकराच्या सुमारास काका-काकू आले. मुलुंडहून, एसी लोकलने, छत्री एक आणि भिजलेले दोघं. काका बँकेतून रिटायर्ड, वय ६९, हातात साडीच्या दुकानाची जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यात सगळं आयुष्य, म्हणजे पासपोर्ट, पॅन, एफडीच्या पावत्या, पेन्शनचं पुस्तक, प्रत्येक गोष्टीच्या दोन झेरॉक्स. काकू बाजूच्या खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी पदराने चष्मा पुसला. मुलगा दुबईला आहे, सात वर्षं झाली, नात आठ महिन्यांची.

"ताई, दोघांचा मिळून अर्ज करायचा. एकट्याचा घेतला की बायको स्पॉन्सर होते ना? म्हणजे तेवीसच लाख." काकांनी सगळं बसवून आणलं होतं. पैसे कुठून आणणार विचारलं तर म्हणाले सीनियर सिटिझन स्कीम मोडतो, ३० लाख आहेत, दीड वर्ष झालं. माझ्या पोटात गोळाच आला. ८.२ टक्क्यांची स्कीम, दर तिमाहीला व्याज खात्यात, त्यावर या दोघांचा महिना चालतो. दोन वर्षांच्या आत मोडली की मुद्दलातून दीड टक्का कापतात, म्हणजे ४५ हजार तिथेच गेले. हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत, त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना तेच सांगितलेलं! पण नात आठ महिन्यांची असली की माणूस स्वतःच्याच काउंटरवर गिऱ्हाईक होतो.

मग मी कागद घेतला. बाहेर पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वर जे जातात त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते, म्हणजे वरचे १३ लाख ३० हजार, त्याचे २ लाख ६६ हजार आधी भरायचे. रिटर्न भरल्यावर परत मिळतात हो, पण तोवर अडकले. काका म्हणाले ते ठीक आहे, पण तिकडे इन्कम टॅक्स नाही ना, मग पेन्शनवरचा टॅक्स वाचेल. हा गैरसमज मी आठवड्यातून तीनदा तरी ऐकते. व्हिसा कुठलाही असो, इथला टॅक्सवाला पासपोर्टवरचा स्टिकर बघत नाही, तुम्ही वर्षात किती दिवस भारतात होता ते मोजतो. १८२ दिवस किंवा जास्त इथे असाल तर तुम्ही इथलेच. आणि समजा नसलात, एनआरआय झालात, तरी इथली पेन्शन, इथलं व्याज, इथलं भाडं हे साधारणपणे इथेच टॅक्सेबल. वर पुन्हा बँकेतलं खातं एनआरओ, म्हणजे एनआरआयचं इथलं खातं, करायचं, आणि ती सीनियर सिटिझन स्कीम एनआरआयला नव्याने उघडता येत नाही. काका गप्प झाले. पेनाचं टोपण काढ, लाव, काढ, लाव.

मी विचारलं, वर्षातले किती दिवस राहणार तिकडे? काका म्हणाले, "कायमचं." काकू म्हणाल्या, "दोन महिने." दोघं एकदमच बोलले, आणि मग एकमेकांकडे बघायला लागले. म्हणजे हा विषय घरी झालाच नव्हता. काकूंचं म्हणणं, गणपतीत त्या इथे, मार्गशीर्षातले गुरुवार इथे, गुडघ्याचे डॉक्टर मुलुंडला, आणि मे महिन्यात दुबईत माणूस भाजतो. उरलं काय? डिसेंबर शेवट ते फेब्रुवारी. काका म्हणाले, "बघू ते नंतर." मुलाला विचारलंत का? नाही, त्याला सरप्राइज द्यायचंय.

तरीही सांगते, काका टोकन द्यायला तयारच होते. चेकबुक बाहेर आलेलं, त्यांनी तारीखही घातली, सुंदर बँकेतलं अक्षर.

मी चेकलिस्टप्रमाणे मॅरेज सर्टिफिकेट मागितलं.

नाही. १९८२ चं लग्न, गिरगावातल्या हॉलमध्ये, कोणी रजिस्टर करत होतं तेव्हा? काका म्हणाले, "दीडशे माणसं होती लग्नाला, निम्मी वर गेली, उरलेल्यांना विचारा." पण बायकोला स्पॉन्सर करायचं तर नुसती पत्रिका चालत नाही, सर्टिफिकेट लागतं, आणि दुबईसाठी नुसतं अपॉस्टिल, म्हणजे करार केलेल्या देशांत चालणारा शिक्का, चालत नाही कारण ते लोक त्या करारात नाहीत, म्हणून आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्यांच्या कॉन्सुलेटचा. त्यात काकूंचं नाव पासपोर्टवर डबल ई आणि आधारवर आय. सुनीता एकच, कागदावर दोन बायका. तर मी म्हटलं, काका आधी वॉर्ड ऑफिसला जाऊन लग्न रजिस्टर करा, मग टोकनचं बघू.

यात माझं काही मोठेपण नव्हतं. टोकन घेतलं असतं आणि फाइल सर्टिफिकेटसाठी अडली असती तर हे गृहस्थ मला रोज दहा वाजता फोन करणार हे दिसतच होतं. त्या दिवशी फोन आधीच इतके होते. काकांनी चेक पिशवीत ठेवला, थोडे नाराजच झाले. काकूंनी जाताना माझ्या टेबलावर दोन राजगिऱ्याचे लाडू ठेवले, उपासाचे उरलेले.

त्याच दुपारी एक आयटीवालं जोडपं आलं, ठाण्याचं, लॅपटॉपवर एक्सेल शीट, देशांची नावं आडवी आणि खर्च उभा. पोर्तुगालवर पिवळा रंग मारलेला. घर घेऊन गोल्डन व्हिसा घ्यायचा म्हणे. तो घराचा रस्ता ऑक्टोबर २०२३ मध्येच बंद झाला, यांनी जुना व्हिडिओ बघितलेला. स्पेनने तर एप्रिल २०२५ मध्ये अख्खी स्कीमच गुंडाळली. मग पोर्तुगालचाच रिमोट कामाचा डी-८ व्हिसा सांगितला, त्याला तिथल्या किमान पगाराच्या चौपट कमाई दाखवावी लागते, २०२५ मध्ये ३४८० युरो महिना, एकट्या माणसाचे. तेवढा पगार नवऱ्याचा होता. पण कंपनी लेखी देईल का की हा माणूस लिस्बनमधून काम करू शकतो? तो म्हणाला मॅनेजर आठवड्यातून तीन दिवस ऐरोलीला बोलावतो. बायको इतकी हसली की रिसेप्शनवरची मुलगी आत डोकावून गेली. त्यांना जर्मनीच्या ब्ल्यू कार्डचं, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांच्या परवान्याचं, वाचायला सांगितलं, नोकरी हातात असेल तर तो रस्ता सरळ आहे, बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं, जर्मन आलं तर २१ महिन्यांत कायमचं राहण्याचा अर्ज करता येतो. बघतो म्हणाले.

मंगळवारी संध्याकाळी घरी जाताना लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचलं. यूएईच्या, म्हणजे दुबई ज्या देशात आहे त्याच्या, ओळखपत्र-नागरिकत्व खात्याने, आयसीपीने, जाहीर केलं की असं काही नाही. गोल्डन व्हिसाचे प्रकार आणि अटी कायद्यात ठरलेल्या आहेत, अर्ज फक्त सरकारी मार्गाने घेतले जातात, देशातल्या किंवा बाहेरच्या कुठल्याही कन्सल्टन्सीला आम्ही अधिकार दिलेला नाही. आमच्यासारख्यांबद्दलच होतं ते. कुर्ल्याला चढलेली बाई मला पुढे सरका म्हणत होती आणि मी तेच वाक्य परत परत वाचत होते.

बुधवारी ऑफिसात सर एरवीपेक्षा लवकर आले होते. दोन दिवसांत आठ टोकनं घेतली होती, सगळी परत केली, दोघांशी भरपूर वाद झाले कारण त्यांना वाटलं आम्हीच बातमी पेरली. साडेदहाला काकांचा फोन. मला वाटलं आभार मानतील. कुठलं काय! "ताई, तुम्हाला माहीत होतं? मग सोमवारीच का नाही सांगितलं, चेक लिहीपर्यंत बघत बसलात?" मी म्हटलं, काका, नव्हतं माहीत, शंका होती. ते म्हणाले शंका तर सांगायची. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

पण शुक्रवारी परत आले, दोघं, यावेळी मुलगा व्हिडिओ कॉलवर. मग नीट बसून पर्याय काढले. मुलगा आईवडिलांना रेसिडेन्सीवर नेऊ शकतो, पण तो व्हिसा साधारण वर्षावर्षाचा, दरवर्षी रिन्यू, मेडिकल इन्शुरन्स सक्तीचा आणि सत्तरीच्या माणसाचा तिकडचा प्रीमियम ऐकून मुलगाच दचकला. शिवाय सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की साधी रेसिडेन्सी उडते, आणि काकू तर वर्षातले दहा महिने बाहेरच, म्हणजे मुलुंडला. पंचावन्नच्या वरच्यांसाठी रिटायरमेंट व्हिसा आहे, ५ वर्षांचा, त्याला १० लाख दिरहमची बचत किंवा प्रॉपर्टी वगैरे. काकांनी गुणाकार करून कागद उलटा ठेवला.

राहिला मल्टिपल एन्ट्री टुरिस्ट व्हिसा. ५ वर्षांचा, कितीही वेळा ये-जा, एका खेपेला ९० दिवस, वाढवून घेतले तर वर्षात १८० पर्यंत. बँकेत सहा महिन्यांचा ४००० डॉलर बॅलन्स दाखवायचा, म्हणजे त्यावेळचे साडेतीन लाखही नाहीत. कोणी स्पॉन्सर नको, सीनियर सिटिझन स्कीमला हात नको. काका संशयाने म्हणाले, "एवढंच? मग हे कोणी का सांगत नाही?" मी म्हटलं, याच्यात कन्सल्टन्सीला काय सुटतं काका. सर शेजारच्या टेबलावरच होते, त्यांनी मान वर केली नाही. मुलगा स्क्रीनमधून म्हणाला, बाबा, सरप्राइज द्यायचं तर निदान पगाराची स्लिप मागायला मलाच फोन करायचा नसतो.

या व्हिसाला मॅरेज सर्टिफिकेट लागत नाही. ते मी सांगितलं तशी काकू म्हणाल्या, "आता काढतेच. त्रेचाळीस वर्षं याच्याबरोबर राहिले, एक कागद नको?"

वॉर्ड ऑफिसची ती खटपट त्यांनी मला फोनवर तपशीलवार सांगितली. तीन साक्षीदार लागतात, एक धाकटा दीर, एक मैत्रीण बोरिवलीची, एक शेजारी जो लग्नाच्या वेळी पाळण्यात होता. भटजी केव्हाच वारलेले, त्यामुळे त्यांच्या सहीऐवजी अॅफिडेव्हिट. लग्नाचा अल्बम नेला होता, त्यातला फोटो बघून काउंटरवरची बाई म्हणाली की काका, केस होते की तुम्हाला.

ऑगस्टमध्ये गणपतीच्या आठवडाभर आधी काकू सर्टिफिकेट घेऊन ऑफिसला आल्या, लॅमिनेट करून. पेढेही होते. मी नाव वाचलं आणि परत वाचलं. पासपोर्टवर डबल ई, आधारवर आय, आणि इथे ई एकच. फॉर्म कोणी भरला विचारलं.

"यांनी," काकू म्हणाल्या, "बँकेतलं अक्षर आहे ना."