जांभा, मुरूम आणि बाभूळ: सातारा ते तापोळा सायकलवर

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी आणि दादा सातारा–कास–बामणोली–तापोळा–महाबळेश्वर–वाई–सातारा असा फेरा मारून आलो. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. वयाने चार वर्षांनी मोठा, सायकलीच्या बाबतीत चाळीस वर्षांनी जुना. तीन दिवस, दोन मुक्काम, पहिला बामणोलीला आणि दुसरा महाबळेश्वरला. निम्म्याहून जास्त रस्ता डांबरी आहे. पण कासच्या पुढे आम्ही मुद्दाम कच्च्या वाटा धरल्या आणि तिथेच टायरांनी आमची परीक्षा घेतली. म्हणून हा वृत्तांत बराचसा टायरांचाच आहे.

माझी सायकल एकोणतीस इंची. टायर २.२५ इंच रुंदीचे, ट्यूबलेस, १२० टीपीआयचे (इंचाला १२० धागे), म्हणजे बारीक सुताचे, हलके आणि मऊ. दादाची जुनी सव्वीस इंची, २.१ चे तारेच्या कडेचे जाड टायर, आत साधी ट्यूब. निघायच्या आदल्या रात्री फलटणला त्याच्या अंगणात मी त्याला सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरात ओततात ते भोकं बुजवणारं द्रव, कसं काम करतं यावर पाऊण तास व्याख्यान दिलं. तो साखळीला तेल सोडत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "झालं का? जेवायला चल."

दुसऱ्या दिवशी टेम्पोने सातारा गाठला. यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत साधारण पंचवीस किलोमीटर, सगळं डांबर. इथे मऊ रबराचा टायर नुसता झिजतो. माझ्या मागच्या टायरचे मधले नॉब, म्हणजे रबराचे उंचवटे, या एका मोसमात अर्धे झालेत. या फेऱ्यासाठी मागे मधोमध बुटके, जवळजवळ नॉब आणि कडेला थोडे उंच नॉब असलेला, जरा कडक रबराचा टायर पुरतो. पुढे मात्र रुंद आणि मऊच हवा. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपटी हलवते आणि सावरता येते. पुढचं घसरलं की माणूस थेट जमिनीवर.

कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाच्या स्थळांत आहे. पठारावर सायकल घालायची नाही, रस्त्यावरच राहायचं. फुलांच्या दिवसांत, म्हणजे साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, तिथे गाड्यांची एवढी रांग असते की सायकलवाल्याने न गेलेलंच बरं. आम्ही गेलो तेव्हा गवत पिवळं पडलं होतं आणि रस्ता मोकळा होता.

खाली सगळा काळा पाषाण आणि माथ्यावर जांभ्याची टोपी, अशी इथल्या डोंगराची घडण. कोरड्या जांभ्यावर टायर पॉलिश पेपरवर धरावा तसा धरतो. नॉब कसलेही असोत, फरक पडत नाही. पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळ चढलं की मात्र जगातला कुठलाही टायर कामाचा नाही, उतरून चालावं. कोरड्या दिवसांतला धोका वेगळा. जांभा झिजतो तो भोकाभोकांनी, आणि त्याच्या कडा फुटक्या कौलासारख्या धारदार राहतात. दिवाळीपर्यंत गवत गुडघाभर वाढलेलं असतं, त्यामुळे त्या कडा दिसत नाहीत.

कच्च्या वाटेला लागताच मी दादाला म्हटलं, हवा कमी कर. माझ्या पुढच्या चाकात २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) होती, मागच्यात २५. त्याच्या दोन्ही चाकांत चांगली ४०, आणि तो प्रत्येक दगडावर चेंडूसारखा उडत होता. मी आग्रहाने त्याची हवा २४ वर आणली. त्याला फरक लगेच जाणवला. "गादीवर बसल्यागत वाटतंय की रे!" असं म्हणत दहा मिनिटं तो माझ्या पुढे होता. मग एका चौकोनी दगडावर मागचं चाक आपटलं आणि फुस्स. ट्यूब काढली तर शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. ट्यूब असलेल्या टायरात हवा फार कमी केली की दगड टायरला रिमपर्यंत दाबतो आणि मधे ट्यूब चिमटते. ट्यूबलेसमध्ये चिमटायला ट्यूबच नसते, म्हणून मला २५ चालतात. दादा माझ्यापेक्षा वजनाने जास्त, वर पाठीवर सॅक, आणि टायर अरुंद. त्याला मागे किमान ३५ हवी होती. चूक सर्वस्वी माझी. तो काही बोलला नाही. पॅच लावला, हवा मारली आणि स्वतःच्या अंदाजाने अंगठा दाबून पाहिला.

माझी पाळी अर्ध्या तासात आली. गवतातल्या जांभ्याच्या कडेने माझ्या मागच्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, उभी चिरली. चीर अंगठ्याच्या नखाएवढी. सीलंट पांढऱ्या पिचकारीसारखं उडून पोटऱ्यांवर आलं. ते काट्याची भोकं बुजवतं, चीर नाही. बारीक सुताचा हलका टायर सपाट मातीवर सुंदर पळतो, पण त्याची साइडवॉल जाड कागदाइतकीच. दादाचा जड, ६० टीपीआयचा टायर त्याच कडेवरून गेला होता, त्याला फक्त ओरखडा.

मग दादाने सीटखालच्या पिशवीतून जुन्या टायरचा चार बोटं लांबीचा तुकडा काढला, कडा ब्लेडने तासून पातळ केलेला. तो आतून चिरीवर बसवला, माझा ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढला, ट्यूब घातली, हवा भरली. दोन किलोमीटरवर परत बसला. मला वाटलं चीर वाढली, पण ट्यूबला भोक भलत्याच ठिकाणी होतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फलटणला कालव्याच्या कडेने रोज फिरताना वेड्या बाभळीचे काटे टायरात शिरत होते, सीलंट त्यांना गप्प बसवत होतं आणि मला पत्ता नव्हता. काटे मात्र तिथेच होते, टोकं आत करून. नवी ट्यूब त्यांच्यावरच फुगली.

टायर पूर्ण उतरवून रस्त्याकडेला बसलो. आतून बोट फिरवायचं, सावकाश, एका वेळी वीतभर. बोट जोरात फिरवलं तर रक्त येतं, हळू फिरवलं तर टोक नुसतं खरवडतं. नेलकटरच्या चिमट्यात टोक धरून एकेक बाहेर ओढला. नऊ निघाले. दादाने ते रुमालावर ओळीने मांडले आणि म्हणाला, "तुझं सीलंट." ट्यूबलेस टायरात ट्यूब घालायची वेळ आली तर आधी हे करा, अंधार पडत असला तरी करा.

बामणोलीला पोचेस्तोवर तिन्हीसांजा झाल्या. उताराचा शेवटचा टप्पा सुट्या मुरमाचा, कडक जमिनीवर हरभरे सांडावेत तसा. इथे रुंद टायर आणि कमी हवा खरोखर उपयोगी पडते, आणि पुढचा ब्रेक हलक्या हाताने लावायचा. ट्यूबमुळे मला मागे ३४ ठेवावी लागली आणि मी उतारभर मागचं चाक नाचवत आलो.

सकाळी कोयनेच्या फुगवट्यावरून, म्हणजे शिवसागरातून, लाँचने तापोळा. सायकली नावेच्या पुढच्या भागात आडव्या टाकतात. डिरेलर, म्हणजे मागच्या चाकाजवळचा गिअर बदलणारा भाग, वरच्या बाजूला राहील अशी ठेवा आणि सायकलचं भाडं बसण्याआधी ठरवून घ्या. अंधारात लाँच मिळेल या भरवशावर उशीर करू नका, शक्यतो दुपारच्या आत बामणोली गाठा. आम्ही टायरांपायी ते चुकवलं म्हणून मुक्काम तिथे करावा लागला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी वर असतं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि काठाच्या गाळातून सायकल खांद्यावर न्यावी लागते. तो गाळ नॉबांमध्ये असा बसतो की टायर गुळगुळीत होऊन जातो.

तापोळा ते महाबळेश्वर चढ लांबलचक आहे. पाणी भरून घ्या, दुसरं सांगण्यासारखं काही नाही.

महाबळेश्वरला पहाटे हवा मोजायचा गेज लावला तर पुढच्या चाकात २० च. गळती शोधत बसलो. गळती नव्हती. साताऱ्याच्या दुपारच्या उन्हात भरलेली हवा पहाटेच्या थंडीत आकसते, पंधरा-अठरा अंशांच्या फरकाला साधारण दोन पीएसआय. एरवी दुर्लक्ष केलं तरी चालतं, पण २२ वर चालवणाऱ्याला दोन म्हणजे पुष्कळ. म्हणून छोटा डिजिटल गेज खिशात असू द्या. पेट्रोल पंपावरच्या मशीनला २२ आणि २८ मधला फरक कळेलच असं नाही, आणि बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला तिथे अ‍ॅडॉप्टरशिवाय हवा भरताही येत नाही.

स्वतःचा आकडा काढायची माझी पद्धत अशी. ओळखीच्या दगडाळ वाटेवर ३० पासून सुरुवात करायची, दर फेरीला दोन कमी. ज्या फेरीत रिमला दगडाचा ठक् आवाज येईल तिथे थांबून तीन वाढवायचे. मागच्या चाकाला पुढच्यापेक्षा दोन-तीन जास्त. ट्यूब असेल तर ठक् ऐकू येण्याआधीच पंक्चर होतं, म्हणून तिथे ४० पासून निघून ३५ च्या आसपासच थांबा. दुसऱ्याचा आकडा घेऊ नका, माझाही.

पसरणीचा घाट उतरून वाईत आलो तर दादाचं पुढचं चाक बसलेलं. शेताच्या बांधावर चहाला टेकलो होतो तिथली बाभूळ. पंक्चरवाल्याने काटा काढला, ठिगळ लावलं आणि नळी हातात घेऊन विचारलं, "फुल्ल मारू ना, पाव्हणं?"

दादाने माझ्याकडे हात पुढे केला. "तो तुझा गेज दे इकडे."