काळं कुंकू

९ जून, रात्री. हर्णै

दुपारपासून पाऊस धरून आहे. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे बंदरावर लिलावाची गडबड नाही, होड्या वर ओढून झापांखाली झाकल्यात. आईच्या माहेरी आलेय. दमट वास वाढायच्या आत माळ्यावरची ट्रंक खाली घेतली आणि जुने फोटो एकेक करून कोरड्या धोतरावर पसरले. काहींवर बुरशीची जाळी धरलीय. या फोटोंवरचा थर जिलेटिनचा असतो, म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेला, आणि त्यात चांदीचे कण. कोकणातल्या हवेत बुरशीला तो आवडतो यात नवल नाही. मऊ ब्रशने वरची धूळ तेवढी झाडली. काचेला चिकटलेले दोन मात्र सोडवायला गेले नाही. ओढले की चेहरा काचेवरच राहतो.

तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक फोटो निघाला. भिंतीवर कधीच न लागलेला.

पणजोबांचा. ते गेल्यावर काढलेला.

१९५० चा आषाढ. तिन्ही मुलगे मुंबईला नोकरीत. तेव्हा मुंबईहून यायचं ते आगबोटीने, हर्णैला बोट लांब उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला उतरायचं. पावसाळ्यात ती वाहतूक बंद. तार वेळेत पोचली तरी मुलगे पोचणार नव्हते, आणि आषाढात देह किती थांबवणार? म्हणून दापोलीहून फोटोग्राफर आणला. न आलेल्यांना निदान मुखदर्शन व्हावं म्हणून. आईला हे सगळं मोठ्यांकडून ऐकून माहीत; ती तेव्हा चार वर्षांची.

पडवीतल्या खांबाला पाठ लावून पणजोबांना बसवलंय. गळ्यात हार, कपाळाला गंध. भोवती घरची माणसं. बाहेर बहुधा असाच पाऊस असणार, उजेड अगदी कमी, त्यामुळे शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागलं असणार. कारण माणसं सगळी हललीत. आजी हुंदका देत असावी, तिचा जबडा पुसट झालाय. कुणाच्या तरी कडेवरच्या पोरीला दोन तोंडं आलीत. आई चष्मा वर करून म्हणाली, "अगो, ही मी." आणि या सगळ्या धूसर माणसांत पणजोबा तेवढे लख्ख. मिशीचा केस न् केस, उपरण्याची किनार, बोटांची नखंसुद्धा मोजावीत इतकी स्पष्ट.

फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या डागेर या फ्रेंच माणसाने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो घेतला होता. रस्ता वर्दळीचा, पण छबी उमटायला काही मिनिटं लागायची, त्यामुळे चालती माणसं, घोडागाड्या सगळं गळून गेलं. उरला तो बुटांना पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो एका जागी उभा होता. मला त्या फोटोचं कौतुक होतं. आज आमच्या पडवीतला फोटो हातात घेतल्यावर ते कौतुक पोटात कुठेतरी रुतलं. कॅमेऱ्यापुढे सगळ्यात नीट बसलेला माणूस श्वास घेत नव्हता, आणि जे श्वास घेत होते, रडत होते, ते कॅमेऱ्याला नीट धरताच आले नाहीत. माझी आई त्या फोटोतली सगळ्यात पुसट व्यक्ती आहे. आज ती माझ्यासमोर बसून सोलं निवडत होती.

पण मी सगळ्यात जास्त वेळ पाहत राहिले ते पणजीकडे. ती नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसलीय, चेहरा थोडा हललेला, आणि कपाळावर मोठं काळं कुंकू. काळं दिसतं, कारण त्या वेळच्या पुष्कळ फिल्मना लाल रंग कळतच नसे. निळा कळायचा, हिरवा कळायचा. लाल म्हणजे अंधार. (डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तो याच न्यायाने.) म्हणजे फोटो निघाला तेव्हा कुंकू अजून होतं. थोड्या वेळाने देह उचलला गेला असेल आणि कुणीतरी तिचं कपाळ पुसलं असेल. त्या दोन्हींच्या मधलं तिचं कपाळ या कागदावर आहे. पुढची कितीतरी वर्षं ती याच घरात पांढऱ्या कपाळाने वावरली. आईला तिची आजी तशीच आठवते. कुंकू लावलेली आजी आईने आज पहिल्यांदा पाहिली, आणि तीही काळ्या कुंकवातली.

फोटो पणजीने का गुंडाळून ठेवला असेल, हे मला आज कुणी सांगायची गरज उरली नाही.

मोबाइलवर पाठवल्याबरोबर मुंबईच्या मामेभावाने तो कुठल्याशा अ‍ॅपमधून रंगवून परत धाडला. पातळ निळं, पडवीच्या भिंती गुलाबी, पणजोबांच्या गालांवर तजेला. कुंकू मात्र काळंच. आई बघून म्हणाली, "काळं कुंकू कोणी लावतं का? आणि आजीचं ते लुगडं अंजिरी होतं, तिच्या बोचक्यात शेवटपर्यंत होतं." अंजिरी हा रंग तिने करड्या छटेत ओळखला. भावाचा हेतू प्रेमाचाच आहे, पण ते गाल मला सहन झाले नाहीत. गेलेल्या माणसाला जिवंत दाखवायचं हे काम त्या फोटोग्राफरनेही केलं नव्हतं. त्याने डोळे मिटलेले तसेच मिटलेले ठेवले, आणि तीन मुलग्यांना खरं तेच पाठवलं. भावाला तसं लिहून कळवलं.

या फोटोची करडीच प्रत काढून घ्यायची, चांगल्या जाड कागदावर, आणि दोन्ही मामांकडे एकेक द्यायची. मूळ फोटो पुन्हा त्याच लुगड्यात, पण आता कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहायला घेतलीत. आई सांगत गेली, मी लिहीत गेले. खांबाच्या पलीकडे अर्धा कापला गेलेला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आहे, तो कोण ते आईला सांगता येत नाही. दाभोळच्या मावशीला माहीत असेल. तिला कानाला कमी ऐकू येतं, तेव्हा फोन नको, रविवारी पाऊस थोडा उघडला तर एसटीने फोटो घेऊनच जायचं ठरलंय.