आमची वाटचाल : चूक खरी की नंतर घडवलेली?

वडील दर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चादर अंथरून बसायचे. नाणी, पोस्टकार्डं आणि पाकिटांवरून सोडवलेली तिकिटं, शेकड्याच्या भावाने. तिकिटं भिजवायचं काम माझं. घमेल्यात ती सुटून वर आली की चिमट्याने उचलून वर्तमानपत्रावर पालथी घालायची. आजचं टपाल तिकिटांचं दुकान त्या घमेल्यातून उभं राहिलं.

सारखी दिसणारी तिकिटं सारखी नसतात, हे मला एका निवृत्त मास्तरांनी शिकवलं. 1957 साली नवे पैसे आले आणि नाशिकरोडच्या छापखान्यातून भारताच्या नकाशाची तिकिटं निघाली. आधी ताऱ्याचा वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, असलेल्या कागदावर, 1958 पासून अशोकस्तंभाच्या. पुढून काही कळत नाही. मास्तरांनी काळ्या थाळीत तिकीट पालथं ठेवलं, त्यावर बेंझिनचे दोन थेंब सोडले आणि कागदात तारा दिसू लागला. त्या रात्री घरातलं एकही नकाशाचं तिकीट मी तपासायचं सोडलं नाही.

दुकान घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी मोठी चूक झाली. पिवळा रंग गळालेलं एक तिकीट मी ‘एरर’, म्हणजे छपाईतच चूक झालेलं, म्हणून कोल्हापूरच्या एका संग्राहकांना विकलं. महिन्याभराने ते परत घेऊन आले. भिंगाखाली दात्यांच्या कडेला पिवळा अजून शिल्लक होता. तिकीट कुणीतरी वर्षानुवर्षं उन्हात टांगलेलं असणार. रंग छापायचा राहिला नव्हता, उडाला होता. मी पूर्ण पैसे परत दिले. तीन महिन्यांचं भाडं त्यात गेलं आणि त्या दिवसापासून आमची पद्धत बदलली.

दाते नसलेलं सुटं तिकीट आम्ही इम्परफ, म्हणजे छिद्रं न पाडताच निघालेलं, म्हणून विकत नाही. कात्रीने दाते कापता येतात. पण दोन तिकिटं जोडून असतील आणि मधे छिद्रंच नसतील, तर ते कात्रीचं काम नाही. पांढरा ठिपका दिसला तर तो एकदाच बसलेल्या धुळीचा की छपाईच्या प्लेटवरचा, हे आधी ठरवायचं. प्लेटवरचा असेल तर तो वेगवेगळ्या शीटवर, म्हणजे तिकिटांच्या अख्ख्या छापील कागदांवर, त्याच जागी पुन्हा पुन्हा सापडायला हवा. महागडं तिकीट तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय काउंटरवर येत नाही.

लोक विचारतात, 1854 चं चार आण्यांचं आहे का? कलकत्त्यात छापलेलं, चौकट लाल आणि व्हिक्टोरिया राणीचं मस्तक निळं. दोन रंग म्हणजे दोनदा छपाई, आणि त्यात काही तिकिटांवर मस्तक उलटं उतरलं. आमच्या हातून ते कधी गेलेलं नाही. मी ते प्रदर्शनात काचेमागे पाहिलंय, आणि तिथून पाय निघत नव्हता.

आमचं सुख साध्या तिकिटांत आहे. एका रोजच्या वापराच्या तिकिटावर अंकाला चिकटून एक बारीक रेघ दिसली. दुसरी प्रत मिळायला चार वर्षं लागली, तिसरी सांगलीहून आलेल्या रद्दीच्या खोक्यात निघाली. आता चारचा ब्लॉक, म्हणजे एकमेकांना जोडलेली चार तिकिटं हवीत, शीटच्या कडेसकट, म्हणजे रेघेची शीटवरची जागा पक्की होईल. त्याच खोक्यातला अर्धा माल अजून भिजवायचा आहे. मुलगी सकाळपासून घमेल्याशी बसली आहे.