मलुकाची बायको आणि एल्सीचं रान

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून स्टुअर्ट हायवेने दक्षिणेला निघालं की कॅथरीन मागे टाकल्यावर मॅटरांका लागतं. डार्विनपासून सव्वाचारशे किलोमीटर. लोक इथल्या गरम झऱ्यात डुंबतात, चहा घेतात आणि पुढे जातात. झऱ्याजवळचं जुनं दिसणारं घर 1982च्या सिनेमासाठी उभारलेलं. खरं घर होतं एल्सी स्टेशनवर. इथे गुरांच्या अवाढव्य रानाला स्टेशन म्हणतात.

एल्सी मला आधी भेटलं पुस्तकात. जीनी गन ही मेलबर्नची शिक्षिका. 31 डिसेंबर 1901ला एनियस गनशी तिचं लग्न झालं आणि नवरा एल्सीचा मॅनेजर म्हणून निघाला तशी तीही निघाली. स्टेशनवरच्या गड्यांनी तारांवर तारा केल्या, की इथे बाईमाणसाची सोय नाही. तरी ती आलीच. पावसाळ्याचे दिवस, नद्या दुथडी भरलेल्या. एक नदी तर तारेला लटकून ओलांडावी लागली. पोचल्यावर पाहते तर घर बरंचसं बांधायचंच होतं. व्हरांडे तेवढे तयार, बाकी सगळी आश्वासनं!

जीनीचं हे पुस्तक, 'वी ऑफ द नेव्हर नेव्हर' (1908), वाचताना मला मजा येते ती घर लागत जाण्याची. चिनी स्वयंपाकी चिऑन येतो, भाजीचा मळा लावतो आणि मालकिणीलाही शिस्त लावतो. माश्यांपासून जेवण वाचवायला मच्छरदाणीच्या कापडाची खोली उभी राहते. टपालवाला फिझर दीड महिन्याने येतो, पण ठरल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत हजर. माणसांना नावं नाहीत, टोपणनावंच आहेत. नवऱ्यालासुद्धा ती 'मलुका'च म्हणते. रमाबाई रानड्यांच्या 1910च्या आठवणी मला इथे हमखास आठवतात. त्याही नवऱ्याच्या पश्चात लिहिलेल्या, आणि त्यांतही नवऱ्याचं नाव घ्यायचं टाळलेलं.

एनियस मार्च 1903मध्ये तापाने गेला. जेमतेम तेरा महिन्यांचा एल्सीचा संसार. जीनी मेलबर्नला परतली आणि त्या एका वर्षावर दोन पुस्तकं लिहिली. नंतर 1961पर्यंत जगली, पण तिसरं पुस्तक हयातीत काही छापलं नाही. दुःखाबद्दल ती फार बोलत नाही; शेवटची पानं भराभर संपतात. मला ते पटतं.

न पटणारंही आहे. गुरं मारणाऱ्या मूळ रहिवाशांच्या मागावर घोडेस्वार निघतात, आणि ती ते सहलीच्या सुरात सांगते. आज ती पानं वाचताना अंगावर काटा येतो. आणि तीच बाई पुढे लिहिते की गोऱ्यांनी यांची जमीन घेतली आहे, त्याचा मोबदला देईपर्यंत गुरं मारली गेली तर तक्रार कसली? त्या काळी हे छापणं सोपं नव्हतं. एकाच माणसात दोन्ही असतं. पुस्तकाचा खरा दस्तऐवज हाच, असं मला वाटतं.

'द लिटल ब्लॅक प्रिन्सेस' (1905) तिच्याकडे राहिलेल्या आठेक वर्षांच्या बेट-बेटची गोष्ट. सोबत तिचा कुत्रा सू. गोष्ट गोड आहे, पण मुलगी खरी होती. ती पुढे डॉली बॉन्सन म्हणून जगली आणि 1988मध्ये वारली. तिची बाजू तिनेच सांगितली असती तर काय वेगळंच पुस्तक झालं असतं!

एनियसची कबर हायवेपासून थोडी आत आहे. फिझरचीही तिथेच, तो 1911मध्ये व्हिक्टोरिया नदीत बुडाला, टपाल घेऊन जाताना. आणि एल्सीचं रान 2000 साली इथल्या मूळ रहिवाशांच्या, मंगारायी लोकांच्या, हाती परत आलं. इकडे यायचं असेल तर मे ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत या. पावसाळ्यात रस्ते अजूनही बंद पडतात, आणि तार काही आता उरलेली नाही.