दुसऱ्याच्या लॅपटॉपची रिकव्हरी डिस्क आपल्या कॉम्प्युटरला का चालत नाही

परवा रविवारी ऐरोलीला मावशीकडे गेलेलो. ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडली, दहाएक मिनिटांत ऐरोली, म्हटलं चहा पिऊन तासाभरात परत निघू. पण दारातच मावशी बोलली, "अरे बरं झालं आलास, काकांचा कॉम्प्युटर चालूच होत नाहीये, शेजारच्यांनी सीडी दिलीय ती टाकून बघ ना."

काका जाऊन आता चार वर्षं होतील. जायच्या आधी त्यांनी घरातले सगळे जुने अल्बम एकेक फोटो काढून स्कॅन केलेले, आजीच्या लग्नातले वगैरे, ते सगळं त्याच डेस्कटॉपवर आणि दुसरी कॉपी कुठेच नाही. त्यामुळे मी आधी विचारलं, सीडी कोणी टाकून बघितली का? तर हो, मावसभावाने आदल्या रात्री टाकलेली. स्क्रीनवर इंग्रजीत एक चौकट आली की ही डिस्क या कॉम्प्युटरसाठी नाही, आणि एकच बटण, ओके. ते दाबलं की मशीन बंद. तो वैतागलेला, पण खरं सांगतो, मला त्या चौकटीला हात जोडावेसे वाटले, का ते पुढे सांगतो.

डिस्क हातात घेऊन बघितल्या. दोन डीव्हीडी, वर मार्करने लिहिलेलं रिकव्हरी १/३ आणि २/३, म्हणजे विंडोज बिघडलं तर मशीन पुन्हा नव्यासारखं करायच्या डिस्क. शेजारच्या काकांनी लॅपटॉप नवीन घेतला तेव्हा स्वतः बर्न केलेल्या, कारण त्या काळात बऱ्याच कंपन्यांनी डिस्क द्यायचं बंद करून हार्ड डिस्कवर लपवलेलं पार्टिशन, म्हणजे वेगळा कप्पा, ठेवायला सुरुवात केलेली आणि डीव्हीडी तुमच्या तुम्ही बनवा सांगायचे.

आता लोकांचा घोळ इथेच होतो. सगळ्यांना वाटतं यात विंडोज आहे, विंडोज सगळीकडे सारखंच, मग कुठेही टाका. पण त्या डिस्कमध्ये विंडोजचा नुसता सेटअप नसतो, फॅक्टरीत त्या मॉडेलच्या सी ड्राइव्हची जशीच्या तशी उचललेली कॉपी असते, त्याच मॉडेलचे ड्रायव्हर (विंडोजला मशीनचे भाग ओळखायला लावणारे छोटे प्रोग्राम), कंपनीची सॉफ्टवेअरं, सगळं आत बसवलेलं. आणि डिस्क सुरू झाली की बहुतेक वेळा आधी बायोसला, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होणाऱ्या आतल्या प्रोग्रामला, विचारते, बाबा तू कुठल्या कंपनीचा, मॉडेल काय. नाव जुळलं नाही की तिथेच थांबते. कधीकधी तर कंपनी तीच असूनही मॉडेल वेगळं म्हणून नाही म्हणते.

समजा कोणीतरी जुगाड करून ते चेकिंग चुकवलं, तरी पुढे रडगाणं आहेच. त्या कॉपीत या मशीनच्या डिस्क कंट्रोलरचा (हार्ड डिस्क चालवणाऱ्या चिपचा) ड्रायव्हर नसेल तर विंडोज सुरू होताहोताच निळी स्क्रीन, तो प्रसिद्ध 0x7B नंबरचा, सेव्हन बी वाला एरर, म्हणजे ज्या डिस्कवरून बूट व्हायचं तीच त्याला दिसत नाही. तेही निभावलं तर अ‍ॅक्टिव्हेशन. म्हणजे हे विंडोज रीतसर घेतलेलं आहे ना, याची तपासणी. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या काळात मोठ्या कंपन्या बायोसमध्ये स्वतःची एक खूण ठेवायच्या, आणि हजारो मशीनना एकच सामाईक की, म्हणजे विंडोजचा प्रॉडक्ट नंबर, असायची. विंडोज ती खूण बघून नेट न लागता अ‍ॅक्टिव्हेट व्हायचं. दुसऱ्या कंपनीच्या मदरबोर्डवर (मशीनच्या मुख्य सर्किटवर) ती खूणच नाही, मग की कितीही खरी असू दे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, प्रत्येक मशीनची वेगळी की बायोसमध्येच टाकायला लागले.

वागळे इस्टेटमधल्या एका मित्राचं तर स्वतःच्याच डिस्कने झालं नव्हतं. मदरबोर्ड बदलून आणलेला, आणि बदलणाऱ्याने नवीन बायोसमध्ये मॉडेलचं नावच भरलं नव्हतं, त्यामुळे डिस्कच्या लेखी तो लॅपटॉप परका.

आणि आता हात का जोडावेसे वाटले ते. सगळ्या डिस्क असं विचारत नाहीत. काही डिस्क सरळ अख्खी हार्ड डिस्क पुसतात, नवीन पार्टिशन पाडतात आणि फॅक्टरीतली कॉपी त्यावर ओततात. ती चौकट आली नसती तर काकांचे फोटो त्याच रात्री गेले असते. म्हणून कळकळीने सांगतो, रिकव्हरी डिस्क आपली असो की दुसऱ्याची, डेटा बाहेर काढल्याशिवाय ड्राइव्हमध्ये टाकूच नका.

मी काय केलं, तर पेन ड्राइव्हवर उबंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम) होतं त्याच्यावरून मशीन सुरू केलं, इन्स्टॉल न करता नुसतं चालवलं. फोटोंचं फोल्डर उघडलं, पहिलाच फोटो आजीचा, नथ घातलेला, कडेला अल्बमच्या काळ्या कागदाचा तुकडा आलेला. मावशी मागे येऊन उभी राहिली, काही बोलली नाही. सगळं एक्स्टर्नल ड्राइव्हवर घेतलं, मग घरी परत आल्यावर दुसरी कॉपी माझ्याकडे.

विंडोज नंतर टाकलं. कॅबिनेटच्या बाजूला स्टिकर होता, विंडोज ७ होम बेसिक, पंचवीस अक्षरी की, दोन अक्षरं पुसट झालेली ती मोबाईलच्या टॉर्चमध्ये तिरकं धरून वाचली. अशा वेळी त्याच एडिशनची साधी विंडोज डिस्क लागते, होम प्रीमियमला ही की चालत नाही. अ‍ॅक्टिव्हेशन फोनवरून करावं लागलं, लांबलचक आकडे ऐकून भरायचे, पण झालं. सेव्हनचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट वगैरे, १४ जानेवारी २०२० ला संपलाय म्हणून नेटची वायर काढून ठेवली, मावशीला फोटोच बघायचेत त्यावर.

निघताना शेजारच्या काकांना डिस्क परत दिल्या आणि सांगितलं की १/३ आणि २/३ आहे, ३/३ कुठाय? कारण तिसरी नसेल तर या दोन त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपलाही उपयोगाच्या नाहीत. ते कपाटाचे खण उघडून शोधायला लागले. सापडली की मावशीच्या फोनवर कळवतो बोललेत.