पाचव्या पानावरची नावे

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरच्या स्थानकात शिरली, तेव्हा एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी तेथे उभा होतो. दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले होते. सुमारे चार लाख वस्तीच्या शहरात ते माणशी सव्वा लिटर भरते, हा हिशेब मी वहीच्या कडेला मांडला खरा. पण घोषणा, हार आणि वाहिन्यांचे कॅमेरे यांच्या रेटारेटीत तो कोणाला ऐकवण्यात अर्थ नव्हता.

वास्तविक मांजरा धरण आटत चालल्याच्या बातम्या आम्ही कित्येक महिने देत होतो. पाणी भरण्याच्या ठिकाणी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदीचे कलम १४४ लागू झाले, तेव्हा बाहेरच्या लोकांचे लक्ष वळले. तोवर वाचकांच्या लेखी ती रोजचीच रड होती. त्यात आमच्या ठोकळेबाज मथळ्यांचाही वाटा होता, हे मान्य केले पाहिजे.

दुपारी मी एका गल्लीत गेलो. टँकर येण्याची वेळ नक्की नसल्याने माणसांऐवजी घागरीच रांगेत उभ्या होत्या. कोणी हलवू नये म्हणून त्यांच्या कड्यांतून एकच साखळी ओवली होती आणि प्रत्येकीवर रंगाने आडनाव लिहिले होते. “रेल्वेचं पाणी आमच्याकडं कवा येनार?” असे एका बाईंनी विचारले. ते आधी स्थानकाजवळच्या विहिरीत उतरणार, मग शुद्ध होऊन टँकरमध्ये जाणार, एवढेच मला सांगता आले.

संध्याकाळी रेल्वेचे छायाचित्र पहिल्या पानावर आडवे लागले आणि घागरींची बातमी पाचव्या पानावर एका स्तंभात गेली. उपसंपादकाशी वाद घालून मी खाली बसतो आहे, तोच एक निवृत्त शिक्षक घडी घातलेला अंक घेऊन आले. मांजरेचे १८ किलोमीटरचे पात्र खोल व रुंद करण्यासाठी शहरातील नागरिकांनी ‘जलयुक्त लातूर’ या नावाने नुकतीच वर्गणी सुरू केली होती आणि देणाऱ्यांची नावे आम्ही बारीक टायपात पाचव्या पानावर छापत होतो. गुरुजींच्या आडनावातला एक काना गळाला होता.

दुरुस्ती छापण्याचे मी कबूल केले, तरी ते उठेनात. त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. त्यावर त्यांच्या गल्लीतील अकरा घरांची नावे, रकमा आणि पावतीक्रमांक सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते.

“ही उद्याच छापा,” ते म्हणाले, “शेजारची गल्ली रोज यादी वाचते. आमची नावं दिसली की त्यांना घरात बसवणार नाही.”

महिनोन्महिने करपलेल्या रानांची आणि रिकाम्या हंड्यांची वर्णने लिहून मला जे साधले नव्हते, ते या गृहस्थांना एका यादीत दिसत होते. पान जवळजवळ लागलेले होते आणि अकरा नावांना जागा नव्हती. मी माझ्या घागरींच्या बातमीतल्या शेवटच्या ओळी कापल्या आणि ती नावे तेथे बसवली.